डाव्या तोंडाचा रवा

"ह्या घरात रवा माणसं खातात की मृदंग खातो, तेवढं एकदा कुणी सांगितलं तर बरं होईल."

चंद्रमती अक्का हे कुणाला म्हणत नव्हत्या. डब्यात तोंड घालून डब्यालाच म्हणत होत्या. पण स्वयंपाकघर एवढंसं, शेजारी त्यांची भावजय सुंदरी नारळ खवत बसलेली, दोघींच्या कोपरांत चार बोटांचं अंतर. डब्याला सांगितलेलं सुंदरीला ऐकू जाणारच होतं, आणि अक्कांचाही बेत तोच होता.

"परवाच आणला होता की," सुंदरी म्हणाली.

"आणला होतास. उप्पिट दोनदा झालं. बाकीचा कोठें गेला?" अक्कांनी डबा उलटा करून त्याच्या पाठीवर दोन थापा दिल्या. "हनुमंता पूर्वी चिमूट न्यायचा. मग मूठ. आता वाटी घेऊन येतो, माधुकरीला आल्यासारखा."

सुंदरीनं खवणीवरून मान वर केली नाही.

मृदंगाचं उजवं तोंड शाईवर बोलतं आणि डावं रव्यावर. रवा पाण्यात कालवायचा, त्याचा गोळा डाव्या कातड्याच्या मधोमध थापायचा, की ते तोंड गंभीर घुमायला लागतं. वाजवून झालं की खरवडून टाकायचा. तंजावुरात हे कुणाला सांगावं लागत नाही. आणि हनुमंतरावांच्या मृदंगाला वर्षभरात एवढा रवा का लागायला लागला, हेही त्या घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. फक्त ते बोलणं दरवेळी रव्यापाशी येऊन थांबायचं. पुढं कुणी जात नसे.

हनुमंतराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. पण ती त्यांची नुसती नोकरी. खरं काम म्हणजे भजन मंडळीतला मृदंग. दर एकादशीला वेस्ट मेन स्ट्रीटवर सीतारामरावांच्या घरी तंजावूरकर मराठी मंडळी जमायची, तमिळ लिपीत उतरवून घेतलेले अभंग समोर धरून गायची, आणि त्या सगळ्यांच्या पाठीशी हनुमंतरावांचा हात असायचा. लग्नात सुंदरीला कुणीतरी म्हणालं होतं, मुलगा फार बोलत नाही, पण त्याच्या हाताची लय कधी पडली नाही. सुंदरीला तेव्हा हे स्थळाचं वर्णन जरा चमत्कारिक वाटलं होतं. पुढं तिला कळलं की त्यात सगळं आलं होतं.

आता लय पडत होती. अभंग बैलगाडीच्या चालीनं सुरू व्हायचा आणि शेवटच्या कडव्यात रामेश्वरम एक्स्प्रेस. गाणारे धापा टाकत मागून पळायचे, कारण हनुमंतरावांना सोडून पुढं जाणं कुणाला सुचत नव्हतं. संपल्यावर सीतारामराव घाम पुसत म्हणायचे, "आज उत्साह होता!" कुणी म्हणायचं उकाडा आहे, कातडं चढलं. कुणी म्हणायचं, पंखा फार आवाज करतो. पंख्यानं बिचाऱ्यानं वर्षभर सगळ्यांची पापं पोटात घातली.

आणि यंदा रामनवमीला भरद्वाज येणार होता. भरद्वाज म्हणजे केबलवाला. गावात केबल आल्यापासून त्याला सारखं काहीतरी दाखवायला लागायचं. लग्नं दाखवून झाली, शाळांची स्नेहसंमेलनं झाली; आता मराठी भजन. रामनवमीच्या सकाळी रेकॉर्डिंग, संध्याकाळी घरोघर टीव्हीवर.

हे ठरलं त्या आठवड्यातच सीतारामराव सुंदरीच्या ऑफिसात येऊन गेले. सुंदरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर. पूर्वी तिथं मान वळवायला फुरसत नसे. आता गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ झाले होते आणि ट्रंक कॉल मागणारे सहस्रचंद्रदर्शन झालेले चार म्हातारे उरले होते. 'हॅलो' म्हणण्यावरून माणूस पापनाशमचा की तिरुवैयारूचा हे ओळखणारे तिचे कान दिवसभर रिकामे बसायचे.

"सुंदरी," सीतारामराव खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "टीव्ही म्हणजे… सगळा गाव बघणार."

"हो भावजी."

"त्या तिरुवैयारूच्या पोराला एक दिवस मृदंगावर बसवावं म्हणतों. हनुमंताला विश्रांती. वय झालं आता… वय म्हणजे तसं नव्हे…"

"हो भावजी."

"तूं सांगशील काय त्याला? माझ्यानं होत नाही. चाळीस वर्षं शेजारी बसलों आम्ही."

"सांगतें," सुंदरी म्हणाली. सीतारामरावांचा जीव एवढा हलका झाला की छत्री तिथंच विसरून गेले.

तिनं सांगितलं नाही. रात्री जेवताना म्हणाली, "सीताराम भावजी आले होते." हनुमंतराव म्हणाले, "हो हो, आंबट झालंय थोडं, पण बरं आहे." अक्कांनी सुंदरीकडं पाहिलं. मग दोघींनी ताटातल्या दह्याच्या पच्चडीकडं पाहिलं.

आता वर्षानं आणलेल्या पिंपासारख्या वस्तूचं सांगायला हवं.

वर्षा म्हणजे सुंदरीची मुलगी, बेंगळुरात कॉम्प्युटर कंपनीत. कंपनीनं तिला सहा महिने लंडनला पाठवलं. इतर मुली येताना चॉकलेटं आणि सेंट आणतात; हिनं ढोल आणला. लाकडी, वर पसरट, कमरेत बारीक, बाजूनं दोऱ्यांचं विणकाम. आफ्रिकेतला, नाव जेंबे. हॉस्टेलच्या वॉर्डननं दुसऱ्याच दिवशी तक्रार केली म्हणून पोंगलला तो तंजावूरला येऊन पडला, सोबत एक कॅसेट: जगभरचे हातानं वाजवायचे ढोल, अगदी नवशिक्यांसाठी.

"उखळ आहे हे," अक्कांनी निकाल दिला. "लंडनहून उखळ! आमच्या वेळी इथंच मिळायचं."

उखळ महिनाभर कोपऱ्यात टॉवेल पांघरून बसलं. मग एका दुपारी सुंदरी रिकाम्या कानांनी घरी आली आणि कॅसेट लावली. आतून एक भारदस्त आवाज म्हणाला, नमस्कार, तुम्हाला काहीही येत नाही, हे फार छान आहे. सुंदरीला आयुष्यात कुणी असं म्हणालं नव्हतं. ती तिथंच त्या माणसाच्या प्रेमात पडली आणि त्याचं नाव कॅसेटमामा ठेवलं.

कॅसेटमामांचे तीनच बोल. मध्यावर तळहात: धुम्म. काठावर बोटं जुळवून: टों. बोटं सैल सोडून: चट्. पहिल्या दिवशी सुंदरीचे तिन्ही सारखेच आले, ओल्या कपड्यावर धोपटणं मारल्यासारखे. तिनं ढोल फरशीवर सपाट उभा केला होता. कॅसेटमामांनी दुसऱ्या धड्यात सांगितलं, खालचं तोंड मोकळं ठेवा, पुढं झुकवा, नाहीतर आवाज आतच कोंडतो. तिनं झुकवला. धुम्म असा उमटला की कपाटातल्या वाट्या वाजल्या आणि अक्का पदरानं हात पुसत बाहेर आल्या.

"काय पडलं?"

"काही नाही अक्का. आवाज बाहेर आला."

मग तिला नादच लागला. आफ्रिका झाल्यावर दुसऱ्या बाजूला क्यूबा. तिथले ढोल उंच, पण हात गादीवर आजारी मुलाला थोपटावं तसा टाच-बोटं, टाच-बोटं चालवायचा. ते सुंदरीला पटकन जमलं, वर्षा लहानपणी फार रडकी होती. मग अरबांचं धातूचं वाद्य. त्यासाठी तिनं ताकाचं पितळी भांडं मांडीवर आडवं घेतलं. मग इराणकडची मोठी खंजिरी, तिच्यासाठी सूप. बोटांना घट्टे पडले, पोळपाटावर पोळी लाटताना आपोआप चट् व्हायचं.

"आफ्रिका झाली, क्यूबा झाली," अक्का म्हणायच्या. "आता असा एखादा देश काढ जिथं भांडी घासून वाजवितात."

हनुमंतराव हे सगळं खुर्चीतून पेपराच्या वरून बघायचे. काही म्हणत नसत. पण एके दिवशी सुंदरी ऑफिसातून आली तर ते जमिनीवर बसलेले, जेंबे पुढ्यात, बाजूला वाटी, आणि कातड्यावर मधोमध रव्याचा हा एवढा गोळा. दोशाच्या तव्यावर उत्तप्पा घालावा तसा.

"अय्यय्यो! हे काय केलंत?"

हनुमंतरावांनी प्रेमानं वर पाहिलं. "ह्याचं तोंड बोलतच नाही ग. परदेशात रवा लावायचं माहीत नसेल त्यांना. थोडा लावला, तरी नाही बोललं. अजून लावला." त्यांनी तळहात उचलून मारला. भद्द. ओल्या रव्याचे दोन शिंतोडे सुंदरीच्या साडीवर आले. "बघ. अजून नाही. वाटीभर आण."

सुंदरी उभी राहिली. कालच ह्याच ढोलानं कपाटातल्या वाट्या हलल्या होत्या. त्या वाट्यांपासून चार हातांवर हे खुर्चीत बसले होते. तिला कळलं की ह्यांना वाटतंय, बायको रोज दुपारी मुक्या ढोलावर हात आपटते. आणि तरी महिनाभर ते काही म्हणाले नाहीत, हसले नाहीत. शेवटी तिच्या ढोलाला आवाज यावा म्हणून बाजारातून स्वतः रवा घेऊन आले.

हीच वेळ होती. तोंड उघडलं असतं तर शब्द होते. पण हनुमंतराव तिच्या तोंडाकडंच बघत होते, हल्ली बघायचे तसे, ओठांवर नजर ठेवून, आणि त्या नजरेसमोर तिला ते बोलवेना.

"रवा जाड असेल," ती म्हणाली. "बारीक लागतो."

तिनं तो गोळा उलथन्यानं खरवडला, फडक्यानं टिपला, ढोल गच्चीवर उन्हात नेऊन ठेवला, आणि कोपऱ्यावरच्या बूथवरून वर्षाला फोन लावला.

"रवा?" वर्षा ओरडली. "अम्मा, ते बकऱ्याचं कातडं आहे! कोरडं राहायला पाहिजे! कुणी लावला?"

"अप्पांनी."

पलीकडं जरा शांतता झाली. बेंगळुराच्या लायनीवर शांतता कशी वाजते हे सुंदरीला पुरतं माहीत होतं. ही लायनीची नव्हती.

"अप्पांना…" वर्षा म्हणाली. मग म्हणाली, "बाकी सगळं बरं ना?"

"सगळं बरं," सुंदरी म्हणाली. पोटची पोर, घराण्यावरच गेली होती.

कातडं उन्हात ताणून पुन्हा टणक झालं. पण ढोलाचं बूड एका बाजूनं जरा घासलं होतं, झुकवला की तो डुगडुगायचा. दुसऱ्या दिवशी सुंदरी तो सांभाळत वाजवत होती, तर शेजारी मृदंग पुसत बसलेल्या हनुमंतरावांनी सहज गुडघा टेकवून ढोल धरून ठेवला. धार काढताना वासरू सुटू नये म्हणून धरतात तसा.

सुंदरीनं कॅसेटमामांचा पहिलाच ठेका धरला, सावकाश. धुम्म, टों टों, धुम्म.

हनुमंतरावांचा हात मृदंगावर थांबला. त्यांनी गुडघ्याकडं पाहिलं. मग डोळे मिटले. मग त्यांच्या डाव्या हातानं एक घाव दिला, बरोब्बर तिच्या धुम्मवर. पुन्हा. उजवा हात वर चढला. भजनाचा ठेका सुरू झाला, तो जुना, लग्नात ऐकलेला, कधी न पडलेला. सुंदरीनं भीत भीत लय उतरवली. ते उतरले. चढवली. ते चढले. डोळे मिटलेलेच. तिचा हात चुकला तेव्हा त्यांनी भुवई उचलली, मास्तरांसारखी.

स्वयंपाकघराच्या दारात अक्का कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. हातात झारा तसाच.

"बरं वाजतंय," अक्का म्हणाल्या, आणि आत जाऊन नाक शिंकरलं.

त्या दिवसापासून दुपारी ढोल हनुमंतरावांच्या गुडघ्याला टेकूनच बसायचा, आणि रव्याचा डबा भरलेला राहायला लागला. क्यूबा, इराण बाजूला पडले. सुंदरी एकच गोष्ट घोटत होती: सरळ, न हलणारा ठेका. कॅसेटमामा म्हणायचे, नवशिक्यांना नेहमी काहीतरी भारी वाजवायचं असतं, पण मूळ धरून ठेवणारा लागतो. सुंदरीला वाटायचं, माझ्यासाठीच सांगतोय मेला.

तिरुवैयारूच्या पोराला निरोप गेला नाही. सुंदरीनं सीतारामरावांना एवढंच कळवलं, "हेच वाजवतील. मीही बसेन शेजारी." सीतारामरावांना पुढचं विचारायचा धीर झाला नाही.

रामनवमीच्या सकाळी सीतारामरावांच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर तिण्णैवर, म्हणजे ओट्यावरसुद्धा माणसं, प्रसादाच्या पानक आणि कोसंबरीची वाट बघत. भरद्वाजनं दोन मोठे दिवे लावले होते; त्या उजेडात रामाची तसबीर आणि सगळ्यांचे घामेजलेले चेहरे सारखेच चकाकत होते. सुंदरी जेंबे घेऊन हनुमंतरावांच्या शेजारी बसली. साडीच्या निऱ्या आवरल्या, ढोल झुकवला, त्यांच्या गुडघ्याला टेकवला.

"हे काय आहे, मॅडम?" भरद्वाज कॅमेऱ्यातून डोळा काढून म्हणाला.

"ढोल."

"फॉरेन दिसतो."

सीतारामराव टाळ हातात घेऊन अवघडले. "सुंदरी, भजनात हा… म्हणजे वाजव, कधीतरी वाजव. पण आज रेकॉर्डिंग. लोक काय म्हणतील?"

"वर्षानं आणलाय भावजी. टीव्हीवर दिसला तर तिला बरं वाटेल."

"तिला बेंगळुरात कोठें दिसणार आमची केबल?"

"नवस आहे माझा," अक्का मागून म्हणाल्या. "बोलले होते मी. उखळ वाजवीन म्हणून."

"उखळ?"

"नवसाला कारण विचारू नये," अक्का कडकपणे म्हणाल्या.

"असं करू," भरद्वाज म्हणाला. त्याला सगळ्यांना खूश ठेवायची सवय होती. "मॅडम तिथंच बसू देत. ढोल फक्त थोडा मागं. फ्रेमच्या बाहेर. हातभर." आणि सुंदरी काही म्हणायच्या आत त्यानं स्वतःच ढोल उचलून हातभर मागं ठेवला.

हातभरच. हनुमंतरावांचा गुडघा हवेत राहिला.

टाळ वाजले. अभंग सुरू झाला. सुंदरी मागं वळून वाकडी होऊन जमेल तेवढ्या जोरानं धुम्म देत होती, पण मध्ये हातभर फरशी होती. पहिलं कडवं जेमतेम पार पडलं. दुसऱ्यात मृदंग पुढं गेला, सीतारामराव त्याच्या मागं धावले, बाकीचे सीतारामरावांच्या मागं, टाळ भलतीकडंच पडले आणि मग एकेक आवाज गळत गेला. शेवटी हॉलमध्ये एकटा मृदंग राहिला. हनुमंतराव वाजवतच होते. डोळे मिटून. सगळ्यांनी गायचं थांबवलंय हे त्यांना माहीत नव्हतं.

कुणी पंख्याकडं पाहिलं. कुणी दिव्यांकडं. सुंदरीला वाटलं, आता भुई फाटून आपण ढोलासकट आत गेलो तर बरं. तिनं हात पुढं केला आणि त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

मृदंग थांबला. हनुमंतरावांनी डोळे उघडले आणि एकेका तोंडाकडं पाहिलं.

"दिव्यांमुळं," सीतारामराव घाईघाईनं म्हणाले. "कातडं चढलं."

"केवढा उकाडा हो," कुणीतरी म्हणालं.

"पंखा बंद करूं काय?"

"मायक्रोफोनमध्ये फॉल्ट असणार, सार," भरद्वाज म्हणाला. तोसुद्धा! येऊन अर्धा तास झाला नव्हता, तोवर मंडळीत सामील झाला.

हनुमंतराव प्रत्येकाच्या ओठांवरून नजर फिरवत होते, जमेल तेवढं वेचत. सुंदरीनं नवऱ्याकडं पाहिलं आणि तिच्या ओठांवर ते वाक्य आलं, वर्षभराचं. पण हनुमंतरावांनी मान हलवली, राहू दे म्हणून. मृदंग मांडीवरून बाजूला केला, गुडघ्यांवर सरकत मागं गेले, दोन्ही हातांनी जेंबे उचलला, पुन्हा आपल्या जागी आणून ठेवला आणि गुडघा त्याला नीट टेकवला. मग भरद्वाजकडं वळून, ज्याला आपला आवाज किती मोठा होतोय हे कळत नाही अशा माणसाच्या आवाजात, तिण्णैवर पानकाची वाट बघणाऱ्यांनाही स्पष्ट ऐकू जाईल असं ते म्हणाले,

"मला ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले. ही वाजविते ते मला गुडघ्यात कळतं. ढोल इथंच राहील."